सुंदराबाईंची थंड खोली

सुंदराबाई गावंडे यांच्यापुढं उन्हाची तक्रार करायची सोय नव्हती. माहेर अकोल्याचं. अमरावतीत नव्यानं राहायला आलेला कोणी घाम पुसत "काय तापतंय हो" म्हणाला, की त्या त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघत आणि म्हणत, "हे काय ऊन आहे? ऊन पाहाचं असन तं अकोल्याले जा." अकोला तिथून रेल्वेनं दीड-दोन तासांवर, पण त्यांचं बोलणं ऐकून वाटावं की अकोलेकरांना सूर्य निराळा आणि ताजा मिळतो. लग्नाला चाळीस वर्षं होत आली तरी सासरचा उन्हाळा त्यांनी अजून मनावर घेतला नव्हता.

उन्हाशी वागायचं कसं, यात मात्र त्यांचा हात धरणारं कठोरा नाक्याच्या त्या वस्तीत कोणी नव्हतं. होळी झाली की गच्चीवर चुना मारून घ्यायचा, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, माठ वाळूवर बसवायचा, पश्चिमेच्या खिडक्यांना जाड पडदे चढवायचे. शेजारणी विचारायला यायच्या आणि सुंदराबाई सांगायच्या, मोठ्या डॉक्टरनं पथ्य सांगावं तशा. घरातली उत्तरेची खोली ही त्यांची खास कमाई. खाली शहाबादी फरशी, बाहेर कडुनिंब, मोठी खिडकी आणि त्या खिडकीत बाहेरून लोखंडी स्टँडवर बसवलेला भला थोरला कूलर. मे महिन्याच्या दुपारी त्या खोलीत माणूस चादर मागायचा. घरात तिला नावच होतं थंड खोली, आणि तिथं झोपायला मिळणं हा पाहुण्याचा मान समजला जाई. जावयांनासुद्धा तो पाळीपाळीनं मिळत असे.

सून घरात आली तेव्हा ही खोली सुंदराबाईंनी तिच्या कॉम्प्युटरला दिली. हा त्याग केवढा होता ते सुनेला पुढं बऱ्याच दिवसांनी कळलं.

सून म्हणजे प्रणाली, नाशिकची. मुलगा स्वप्निल मूर्तिजापूरला बँकेत होता आणि रोज पहाटे बडनेऱ्याहून गाडी पकडून जायचा, संध्याकाळी परत यायचा. प्रणाली घरून गणित शिकवायची. पुण्याची एक शिकवणीची संस्था होती, तिची ठिकठिकाणची मुलं शाळेत जायच्या आधी, सकाळी सकाळी, पडद्यावर जमायची आणि प्रणाली त्यांना त्रिकोण काढून दाखवायची. कॉम्प्युटर स्वप्निलच्या कॉलेजच्या वेळचा, सुटे भाग जमवून बांधलेला. भला मोठा डबा, त्याच्या पोटात पंखे, आणि वय झालेल्या माणसासारखा त्याला बसल्याजागी दम लागे.

सासूसुनेचं पटत होतं. पण हे कबूल करणं दोघींच्याही स्वभावात नव्हतं. प्रणालीला चहात साखर कमी लागे आणि सुंदराबाई ती मुद्दाम जास्त घालत. प्रणाली भाजीत गूळ टाकी आणि सुंदराबाई "हे भाजी आहे का शिरा?" असं विचारून दोनदा वाढून घेत. स्वप्निल लहान असताना घरात आवाज असायचा. नंतर वर्षानुवर्षं यजमान पंजाबराव पेपर वाचायचे आणि सुंदराबाई भिंतीशी बोलायच्या. आता भिंतीऐवजी उत्तर देणारं माणूस मिळालं होतं. त्यांना फार बरं वाटत होतं, आणि हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं.

तर गेल्या मे महिन्यात एकदा शिकवता शिकवता तो डबा आपोआप बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. प्रणाली रडकुंडीला आली. राजकमल चौकातून मनोजला बोलावणं गेलं. मनोज कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि करता करता अखंड बोलायचा. त्यानं डब्याची एक बाजू उघडली, आतली धूळ फुंकली, निम्मी सुंदराबाईंच्या अंगावर उडवली आणि म्हणाला, "काकू, एकच गोष्ट ध्यानात ठेवजा. याले गरम होऊ द्याचं नाई. जितकं थंड राहीन तितकं जगन."

सुंदराबाईंनी ते पदराला गाठ मारून ठेवलं. थंड ठेवणं हा तर त्यांचा हातखंडा. त्या उन्हाळ्यात डबा एकदाही बंद पडला नाही. मनोजला वाटलं, धूळ काढली म्हणून. सुंदराबाईंना खरं कारण काय ते माहीत होतं.

मग पाऊस आला, गणपती आले, दिवाळी झाली. मनोजच्या सल्ल्याची मुदत कुठं संपते ते कोणी सांगितलंच नाही.

डिसेंबरात वस्तीतल्या सगळ्यांनी कूलरच्या तोंडात जुनी पोती, गोधड्या कोंबल्या. सुंदराबाईंनीही एक गोधडी कोंबली, कारण सुनेला लगेच सर्दी होते. पण डब्याचं काय? संध्याकाळी त्या त्याच्या पाठीवर तळहात ठेवून बघत. गरम लागे. दिवसभर राबतो बिचारा, रात्री तरी त्याला गारवा नको का? म्हणून झोपायला जाण्याआधी त्या हळूच थंड खोलीत जात, कूलरच्या तोंडातली गोधडी ओढून काढत, डब्याची बाजूची पत्रा-फळी काढून भिंतीला टेकवत आणि चिखलदऱ्याकडून येणारा वारा सरळ त्याच्या पोटात सोडत. पहाटे सुनेच्या आधी उठून फळी पुन्हा बसवत, गोधडी पुन्हा कोंबत, म्हणजे पोरगी येईल तेव्हा तिला वारा लागू नये. डब्यालाही आराम, सुनेलाही आराम. त्या हे लपवत नव्हत्या. दुधावर झाकण ठेवलं हे कोणी घरभर सांगत फिरतं का?

नवं वर्ष लागलं आणि थंडीनं दात दाखवले. अमरावतीत लोक सकाळी नळाखाली हात घालायला घाबरू लागले. अशाच एका सकाळी प्रणालीनं बटण दाबलं. डब्यातून 'टक' असा आवाज आला आणि पुढं काही नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा टक. शेवटी तिनं मोबाइलवरून तास घेतला. त्या एवढ्याशा पडद्यावर मुलांना त्रिकोण दिसेना, आणि दिसला त्यांना तो चौकोन वाटला.

साडेनवाच्या सुमारास प्रणालीनं सहज बटण दाबलं तर डबा काही झालंच नाही अशा थाटात सुरू झाला. फक्त तारीख तेवढी कितीतरी वर्षांमागची दाखवत होता.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. शाळेच्या वेळेला पोट दुखणारं आणि दहाला अंगणात खेळणारं पोर असतं, तसं त्याचं चाललं होतं. मनोज यायचा तो भर दुपारी. बटण दाबायचा, डबा सुरू व्हायचा, मनोज म्हणायचा, "पाहा, चालून तं राह्यला!" एकदा तो डबा दुकानात घेऊन गेला. तिथं माणसांची गर्दी, चार दिवे, शेजारी भज्यांची कढई. डबा तिथं दिवसभर गुणगुणत बसला. घरी आणला आणि सकाळी पुन्हा टक.

घरात ज्यानं त्यानं आपापलं निदान केलं. पंजाबराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळं त्यांना सगळ्या यंत्रांबद्दल मत होतं. "व्होल्टेज," ते पेपरातून मान न काढता म्हणाले. आदल्या वर्षी मिक्सर बिघडला तेव्हाही व्होल्टेजच होतं आणि त्याच्या आदल्या वर्षी त्यांची कंबर धरली तेव्हाही त्यांना तोच संशय होता.

"उष्णता आहे त्याच्या अंगात," सुंदराबाई म्हणाल्या. "दिवसभर चालू ठेवता तुमी त्याले."

आणि त्या रात्रीपासून त्यांनी कूलरच्या तोंडाबरोबर खोलीचं मागचं दारही उघडं ठेवायला सुरुवात केली. डबा अधिकच बिघडला. सुंदराबाईंनी औषध वाढवलं.

मग पुण्याहून फोन आला. मुलांच्या आयांनी तक्रार केली होती. संस्थेच्या बाईंचं म्हणणं सरळ होतं. घरून जमत नसेल तर पुण्याला या, आमच्या केंद्रात बसून शिकवा, नाहीतर ही मुलं दुसऱ्या कोणाला देतो. जेवताना प्रणालीनं ते सांगितलं. स्वप्निल म्हणाला की मग तोही पुण्याला बदली मागेल, आणि मिळेलही. येत्या रविवारी दोघांनी जाऊन घर बघून यायचं ठरलं.

"जा न मंग," सुंदराबाई म्हणाल्या. "तथी सकाळी पानी तरी चांगलं येत असन."

एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि वरणात दुसऱ्यांदा मीठ घातलं. त्यांना रडू येत होतं. त्यांनी फोडणीच्या धुराचं निमित्त केलं, पण गॅस बंद होता.

पंजाबराव सहसा काही करत नसत. त्या रात्री मात्र त्यांनी पेपर बाजूला ठेवला, मनोजला फोन लावला आणि कंडक्टरच्या जुन्या आवाजात सांगितलं, "दुपारी येऊ नको. पहाटे ये. गाडी सुटाच्या टायमाले ये."

मनोज आला तो उशिरा, चालत. कानटोपी, मफलर, त्यावर आणखी एक मफलर, आणि धापा टाकत. सुंदराबाई फाटकाशीच उभ्या होत्या.

"गाडी कुठी आहे तुही?"

"घरीच सोडली काकू. सुरूच नाई झाली. किका मारू मारू पाय दुखून आला."

"बिघडली?"

"नाई वो. काल आत घ्याची राह्यली, रातभर उघड्यावर होती. थंडी भरली तिच्यात. आता ऊन लागलं की हासत हासत सुरू होते पाहा. काई झालं नसते तिले."

तो आत गेला. सुंदराबाई फाटकाला धरून तशाच उभ्या राहिल्या. रातभर उघड्यावर होती. ऊन लागलं की हासत हासत सुरू होते. काई झालं नसते तिले. 

आतून बटणाचा आवाज येत होता. टक. टक. पंजाबराव व्होल्टेज म्हणत होते. सुंदराबाईंनी चहा ठेवला आणि तो उतू जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिल्या. मनातल्या मनात त्यांचं सगळं जुळलं होतं. आता गप्प बसलं तरी चालण्यासारखं होतं. आज रात्री गोधडी काढायची नाही, दार उघडायचं नाही, झालं. डबा आपोआप बरा होईल आणि व्होल्टेज सुधारलं म्हणून पंजाबराव छाती फुगवतील. पण तो पुन्हा बिघडणार नाही, हे सुनेला कोण सांगणार? ती तर रविवारी निघालेली. आणि सांगावं तर ती काय समजेल? सासूनं मुद्दाम केलं. रात्री चोरून उठायची आणि खिडकी उघडायची, मला घालवायला. वस्तीतल्या कोणत्याही बाईनं हेच म्हटलं असतं. सुंदराबाईंनी स्वतःही दुसऱ्या सासूबद्दल हेच म्हटलं असतं, आणि वर चार घरी जाऊन सांगितलं असतं.

चहा घेऊन त्या थंड खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"त्याले थंडी भरली आहे," त्या म्हणाल्या. "रातभर मी त्याले उघडं ठेवत होतो."

कोणाला काही कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं. गोधडी, फळी, मागचं दार, पहाटे पुन्हा लावून टाकणं. सांगताना त्या प्रणालीकडे न बघता कूलरकडे बघत होत्या. मनोजनं डब्याच्या आत हात घातला आणि झटका लागल्यासारखा बाहेर काढला. "बापरे! बर्फ आहे हे!" मग हळूहळू त्याच्या तोंडावर दुसराच भाव आला. "काकू, मीच तं म्हटलं होतं... पन ते मे महिन्यात म्हटलं होतं वो!"

"मंग मुदत कावून नाई सांगतली?" सुंदराबाई उसळल्या. सगळी भीती त्यांनी त्या एका वाक्यात मनोजवर काढली. "साध्या गोळीच्या पाकिटावर असते लिहिलेली. तू तोंडानं सांगू शकत नव्हता?"

मनोजनं मान्य केलं. त्यानं समजावलं की जुनं यंत्र आहे, वीज आत घेणारा त्याचा भाग म्हातारा झालाय, गारठला की आखडतो. आतला सेलही थंडीत दम सोडतो, म्हणून तारीख विसरते. खोलीत जरा ऊब राहिली की सगळं ठीक.

"आत्ता शेगडी आणतो," सुंदराबाई वळल्या.

"नाई नाई काकू!" मनोज कानटोपीसकट ओरडला. "तुमचा माठ पाहा उन्हाळ्यात. थंड भांड्याले दमट गरम हवा लागली की बाहेरून घाम सुटते ना? याले आतून सुटन. मंग पानी अन् वीज एका जागी. गेलाच समजा. हळूहळू ऊब पाहिजे. माणसं झोपतात त्या खोलीत जेवढी असते ना, तेवढी बस झाली."

माठाचं उदाहरण सुंदराबाईंना एकदम पटलं.  प्रणाली फोन घेऊन अंगणात गेली. परत आली तेव्हा एवढंच म्हणाली, "उद्याचा एक तास मागून घेतलाय. संस्थेच्या बाई स्वतः बघणार आहेत. उद्या बंद पडला तर मग नाहीच."

ती रागावली होती का, हे सुंदराबाईंना कळलं नाही. दिवसभर त्या तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. चहात त्यांनी साखर कमी घातली. प्रणालीनं तो न बोलता प्यायला, आणि ते तर फारच वाईट लक्षण होतं.

मनोजचा नवा शब्द त्यांनी जुन्यासारखाच घेतला. माणसं झोपतात तेवढी ऊब म्हणाला ना? मग माणसंच झोपली पाहिजेत. संध्याकाळीच त्यांनी आपली गादी थंड खोलीत टाकली, पंजाबरावांची तिच्याशेजारी टाकली, कूलरच्या तोंडात दोन गोधड्या कोंबल्या आणि दाराखालच्या फटीत पंजाबरावांचं जुनं खाकी जाकीट. "माहं जाकीट!" पंजाबराव म्हणाले. "तुमी अन् तुमचं जाकीट दोघंही आता कामाले लागा," सुंदराबाई म्हणाल्या.

सकाळी प्रणाली आत आली तेव्हा खोलीत छान ऊब होती आणि थोडा घोरण्याचा आवाज. पंजाबरावांना उठवून बाहेर काढण्यात आलं. सुंदराबाई मात्र गादीवरून हलायला तयार नव्हत्या. "मी उठलो की ऊब कमी होईन. तू शिकव. मी पडून राहतो. काय दिसतो का मी तुह्या त्या पडद्यात?" आणि त्यांनी गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.

प्रणालीनं बटण दाबलं. टक. गोधडीखाली सुंदराबाईंनी श्वास धरला. मग पंखे फिरायला लागले, हळू, मग जोरात, आणि पडदा उजळला.

तास सुरू झाला. त्रिकोण त्रिकोणासारखा दिसत होता. मुलं उत्तरं देत होती. संस्थेच्या बाई कोपऱ्यात चौकटीत बसून ऐकत होत्या. सुंदराबाईंनी गोधडीखाली तीन कोनांची बेरीज शिकून घेतली आणि ती त्यांना पटलीही. मग त्यांच्या पायाला मुंगी चावली.

"मॅम," एक मुलगी म्हणाली, "तुमच्या मागची गोधडी हलतेय."

गोधडी एकदम स्थिर झाली.

सगळी मुलं पडद्याच्या जवळ आली. संस्थेच्या बाईही आल्या. प्रणालीनं मागं वळून बघितलं. सुंदराबाईंना वाटलं, गेलं सगळं, आता आपण हिची नोकरीही घालवली.

"त्या माझ्या आई आहेत," प्रणाली म्हणाली. "आपला हा कॉम्प्युटर आहे ना, त्याला थंडी वाजते. म्हणून खोली गरम राहावी यासाठी त्या रात्रभर त्याच्या सोबतीला झोपल्या."

"तुमच्या स्वतःच्या आई?" मुलीनं विचारलं. मुलांना सगळं नीट लागतं.

"हो, स्वतःच्या," प्रणाली म्हणाली. "रोज रात्री थंडीत उठून त्या याची काळजी घेतात. आता मला सांगा, तिसरा कोन किती?"

गोधडीखाली सुंदराबाई रडल्या. आवाज होऊ न देता, पण मनसोक्त रडल्या. यावेळी त्यांनी कशाचंही निमित्त केलं नाही.

तास संपला. संस्थेच्या बाई थोडा वेळ प्रणालीशी बोलल्या आणि बोलताना हसल्याही. मग पडदा शांत झाला आणि गादीच्या कडेला कोणीतरी बसल्याचं सुंदराबाईंना जाणवलं.

"आई, बाहेर या. गुदमराल."

सुंदराबाईंनी गोधडी नाकापर्यंत खाली घेतली. "काय म्हणे ती बाई?"

"इथूनच शिकवा म्हणाल्या. मुलांना तास आवडला."

"अन् रविवारी?"

"रविवारी आता पुणं नाही, भरीत करू. तेही तुमच्या हातचं, म्हणजे गूळ नको." प्रणालीनं त्यांच्या कपाळावरचे केस मागं सारले. "आणि आता नीट ऐका, मुदत सांगतेय. नाहीतर मनोजदादांसारखी मीही बोलणी खाईन. गोधडी कूलरच्या तोंडातून काढायची नाही. होळीपर्यंत. होळीनंतर तुम्ही जाणा आणि तुमचा कूलर जाणे. मे महिन्यात मला ही खोली चादर मागावी लागेल इतकी थंड पाहिजे."

सुंदराबाईंनी मनातल्या मनात होळी मोजली, मग चैत्र, मग मे. मे महिन्यात ही इथंच असणार होती, आपल्या थंड खोलीत, त्रिकोण काढत.

"मंग वाळ्याच्या ताट्या औंदा लवकर आणा लागतीन," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या. प्रणालीच्या कपात त्यांनी साखर दोन चमचे जास्तच घातली.